मेथोट्रेक्सेट, यलो फीवरची लस आणि नैरोबीतलं बाळंतपण: नागपूरच्या एका जोडप्याचं प्रकरण

या दोघांची परवानगी घेऊन हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, औषधं आणि निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत. मी त्यांचा फॅमिली डॉक्टर. लेखात त्यांना काका आणि काकूच म्हणतो, कारण दवाखान्यातही तेच म्हणतो.

पार्श्वभूमी

काका 67 वर्षांचे, कोळसा खाणींच्या हिशेबखात्यातून निवृत्त. मधुमेह जुना. दोन वेळा मेटफॉर्मिन आणि रात्री दहाला ग्लार्जिन इन्सुलिन. रक्तदाबाची एक गोळी. सकाळी अंबाझरीच्या बाजूला फिरणं चुकत नाही आणि संत्रा बर्फीही सुटत नाही, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) सात-साडेसात टक्क्यांच्या आसपास रेंगाळते.

काकू 62 वर्षांच्या. त्यांना आमवात, म्हणजे सांध्यांचा तो प्रकार ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. चार-पाच वर्षांपूर्वी सकाळी उठल्यावर कपाची दांडी धरवत नव्हती. मग रामदासपेठेतल्या तज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं, आठवड्यातून एकदा 15 मिलिग्रॅम, आणि दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. त्यावर आजार शांत आहे. त्या आता पोळ्याही लाटतात आणि शिवणही करतात.

मुलगा काही वर्षांपासून नैरोबीत नोकरीला आहे. सुनेची तारीख एप्रिलच्या मध्यावर होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सुनेची आई हयात नाही आणि शेवटच्या महिन्यांत तिला विमानात बसवायचं नव्हतं. तेव्हा सासूनंच जायचं ठरलं. मार्चच्या मध्यावर निघायचं, मे संपता संपता परतायचं. मधल्या काळात काकांना मुलासोबत मसाई मारा बघायचं होतं. ताडोबात वाघ पुष्कळदा पाहिला, आता सिंह पाहू, एवढा साधा हिशेब.

जानेवारीच्या शेवटी दोघं आले ते विम्यासाठी फिटनेसचा कागद मागायला. म्हणजे आपण प्रवासाच्या तयारीसाठी आलो आहोत हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. कुठे जाताय विचारलं तेव्हा केनिया कळलं, आणि टोचून घेतलं का विचारलं तेव्हा काका म्हणाले, "टिकिटं तर होऊन गेली डॉक्टरसाहेब. एजंट म्हणे एक इंजेक्शन लागते, तो आदल्या आठवड्यात करून देतो."

नेमकी अडचण

यलो फीवर, म्हणजे पीतज्वर, डासामुळे होणारा विषाणूजन्य आजार आहे. आफ्रिकेच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या मोठ्या पट्ट्यात तो आढळतो, भारतात नाही. तो नाही म्हणूनच आपलं सरकार इतकं कडक आहे. ज्या एडिस डासामुळे नागपुरात दर पावसाळ्यात डेंग्यूची रांग लागते, तोच डास यलो फीवरही पसरवतो. डास आपल्याकडे मुबलक, लोकांमध्ये प्रतिकारशक्ती शून्य. बाहेरून एक रुग्ण ताप घेऊन आला आणि इथल्या डासाला सापडला, तर पुढचं सांगायला नको. डास चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात. म्हणून नियम असा की यलो फीवरच्या यादीतल्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे वैध लसीकरण प्रमाणपत्र हवं. ते नसेल तर सहा दिवस पुरे होईपर्यंत विलगीकरण. केनिया त्या यादीत आहे.

इथे बहुतेकांचा घोळ होतो. भारतातून थेट येणाऱ्याकडे केनिया हे प्रमाणपत्र मागत नाही, कारण भारतात हा आजार नाही. ते लागतं परतताना, स्वतःच्याच देशात शिरताना. शिवाय वैद्यकीय गरज हा तिसराच मुद्दा. नैरोबी शहर आणि मोम्बासाच्या किनारपट्टीपुरतं राहणाऱ्यांना वैद्यकीय कारणासाठी ही लस सहसा सुचवली जात नाही, तिथे धोका फार कमी आहे. मसाई माराकडे जायचं तर सुचवली जाते.

लस प्रभावी आहे. एकच डोस, आणि 11 जुलै 2016 पासून त्याचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. टोचल्यापासून दहा दिवसांनी ते वैध होतं. पण ही जिवंत विषाणूची लस आहे. विषाणू दुबळा केलेला असतो, पण जिवंत. निरोगी माणसाची प्रतिकारशक्ती त्याला आवरते. मेथोट्रेक्सेट त्याच प्रतिकारशक्तीला लगाम घालतं. म्हणून काकूंना ही लस चालत नाही.

काकांचं प्रकरण वेगळं. त्यांना ती निषिद्ध नाही, पण वयाच्या साठीनंतर आयुष्यातला पहिला डोस घेणाऱ्यांत यकृत किंवा मेंदूपर्यंत जाणारे गंभीर दुष्परिणाम तरुणांपेक्षा जास्त दिसतात. दुर्मीळच, लाखात मोजावे असे. पण साठीच्या पुढे ही लस विचार करूनच द्यायची असते, शिक्का हवा म्हणून नाही.

तर एक घर, एक तिकीट, एक देश, आणि दोन माणसांसाठी दोन वेगळी उत्तरं. वर सात आठवडेही हातात नाहीत.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काकूंनीच मांडला. "दोन महिने गोळी बंद करते, टोचून घेते, मग सुरू करते. इतकं काय?" वरवर बघता हे चुकीचं नव्हतं. जिवंत लसीसाठी मेथोट्रेक्सेट थांबवायचं तर निदान महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर थांबवावं लागतं, काही तज्ज्ञ तीन महिन्यांचं अंतर सांगतात. आमच्या तारखांत त्यातलं कमीत कमी कसंबसं बसत होतं. मी काकूंना त्यांच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांचं उत्तर सरळ होतं: औषध सुटलं आणि आजार उसळला, तर तो नेमका मार्च-एप्रिलमध्ये उसळेल. बाळाला न्हाऊ-माखू घालायला जाणाऱ्या बाईची बोटं सुजलेली असतील तर तिथे जाऊन तिचीच सेवा करावी लागेल. शिवाय नैरोबीत राहून वैद्यकीय फायदा जवळपास काही नाही. फायदा फक्त विमानतळावरच्या कागदाचा. कागदासाठी आजार जागा करायचा नाही, हे त्यांचं मत मला पटलं.

दुसरा पर्याय एजंटचा. बर्डीवरच्या त्या माणसानं काकांना सांगितलं की काकूंचं पिवळं पुस्तक, म्हणजे लसीच्या प्रमाणपत्राची पुस्तिका, टोचल्याशिवायही "होऊन जाईल", थोडे पैसे जास्त लागतील. काकांनी हे मला मोठ्या विश्वासानं सांगितलं, जणू रेल्वेचा तत्काळ कोटा. हा गुन्हा आहे, हे सांगून माणूस फारसा घाबरत नाही असा माझा अनुभव आहे. म्हणून दुसरी गोष्ट सांगितली. समजा तिकडे काकूंना ताप आला, डोळे पिवळे झाले आणि डॉक्टरनं पुस्तक उघडलं. त्यात लस घेतल्याचा शिक्का. तो डॉक्टर यलो फीवरचा विचार बाजूला ठेवणार आणि दुसरीकडे शोधत बसणार. खोटा शिक्का आधी आपल्याच डॉक्टरला फसवतो. काका गप्प झाले. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

तिसरा पर्याय काकांच्या भाचीचा. ती मस्कतला असते. परतताना आठवडाभर तिच्याकडे राहिलं की केनिया सोडून सहा दिवस उलटतात, आणि मग मुंबईत कुणी अडवणार नाही. युक्ती नियमात बसणारी होती आणि मला फार आवडली. पण भारतासारखाच नियम इतरही देशांचा आहे. ओमान स्वतःच यलो फीवरच्या देशांतून येणाऱ्यांकडे प्रमाणपत्र मागतो. मुंबईत अडायच्या ऐवजी मस्कतला अडायचं, एवढाच फरक झाला असता. असं प्रमाणपत्र न मागणाऱ्या, युरोपातल्या एखाद्या देशात सहा दिवस काढायचे तर व्हिसा, हॉटेल, थंडी, आणि इन्सुलिनची पेटी घेऊन नवीन गावात वणवण. खर्च पाहून काकांनीच हात वर केले.

चौथा पर्याय: काकूंनी जायचंच नाही. हा मी मांडला, कारण मांडणं माझं काम होतं. काकूंनी उत्तर दिलं नाही. पर्समधून सुनेच्या सोनोग्राफीचा कागद काढून टेबलावर ठेवला.

उरला पाचवा. वैद्यकीय कारणानं लस देता येत नाही असं अधिकृत सूटपत्र घ्यायचं, नैरोबी शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही, डासांपासून काटेकोर बचाव करायचा, आणि परतताना मुंबईत विलगीकरणात राहावं लागेल हे गृहीत धरूनच निघायचं. सूटपत्र असलं की सुटका होते असा समज आहे. तसं काही नाही. लस का घेतली नाही हे त्यातून कळतं, पण ते लसीची जागा घेत नाही. उतरल्यावर विलगीकरण करायचं की नाही हे विमानतळावरचा आरोग्य अधिकारी ठरवतो. म्हणून मी काकूंना "बहुतेक सोडतील" असं एकदाही म्हटलं नाही. "सहा दिवस राहायची तयारी आहे का?" एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, "बाळंतिणीची खोली सव्वा महिना सांभाळायची आहे मला. सहा दिवसांचं काय घेऊन बसले?"

काकांच्या लसीचा निर्णय

हा निर्णय दिसतो तितका सोपा नव्हता. माझ्या एका डॉक्टर मित्राचं म्हणणं, "काकू अडकणारच आहेत तर काकाही तिथेच थांबतील. मग त्यांना 67व्या वर्षी जिवंत लस कशाला?" मुद्दा बिनतोड होता. फक्त नैरोबी असती तर मी कदाचित ते मान्य केलं असतं. पण मसाई मारा होतं. तिथे जायचं तर लसीचं कारण कागदी राहत नाही, वैद्यकीय होतं. मी काकांपुढे दोन रस्ते ठेवले: मारा सोडा आणि लस टाळा, किंवा लस घ्या आणि मारा बघा. त्यांनी एक रात्र विचार केला आणि सिंह निवडला.

निवडल्यावर तपासणी. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध नाही, थायमस ग्रंथीचा आजार किंवा शस्त्रक्रिया नाही. मग अंड्याच्या ऍलर्जीचा प्रश्न, कारण ही लस अंड्यात वाढवलेल्या विषाणूपासून बनते. काका म्हणाले, "मी तर जन्मात अंडं खाल्लं नाही बाप्पा, मला काय माहीत ऍलर्जी आहे का नाही!" आपल्याकडच्या कितीतरी शाकाहारी घरांत हा प्रश्न असाच अडतो. मग आडून विचारावं लागतं: बेकरीतला साधा केक खाल्ला का, नातवंडांच्या वाढदिवसाचा? खाल्ला होता, अनेकदा, आणि काही झालं नव्हतं. लसीकरण केंद्रातल्या डॉक्टरांनाही हेच सांगा म्हटलं. "माझ्या टोचण्यानं हिला काही होणार नाही ना?" हा त्यांचा प्रश्न चांगला होता. उत्तर, नाही. एकाच घरात राहिल्यानं या लसीचा विषाणू दुसऱ्याला लागत नाही.

काय केलं, कोणत्या क्रमानं

क्रमाचा मुद्दा पासपोर्टनं शिकवला. काकांच्या पासपोर्टची मुदत पाचच महिने उरली होती. केनियाला प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत लागते. आणि लसीच्या प्रमाणपत्रावर पासपोर्टचा क्रमांक लिहिलेला असतो. आधी लस घेतली असती तर पुस्तकावर जुना क्रमांक, हातात नवा पासपोर्ट, आणि दोन्ही विमानतळांवर खुलासे. म्हणून आधी नूतनीकरण, मग टोचणं. एजंटच्या "आदल्या आठवड्यात"चीही इथेच वाट लागली असती, कारण दहा दिवसांचा नियम त्याला माहीतच नव्हता.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते. एका कुपीत अनेक डोस असतात आणि ती उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक दिवशीच, नावनोंदणी करून टोचतात. आज गेलो आणि आज झालं, असं नसतं. काकांना फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातला दिवस मिळाला. काकूंना त्याच दिवशी सोबत नेलं, तज्ज्ञांची चिठ्ठी आणि सध्याच्या औषधांचा कागद घेऊन. केंद्रातल्या डॉक्टरांनी त्यांचं प्रकरण पाहून पुस्तकात लस न देण्याचं कारण नोंदवून सही-शिक्का दिला. काकांना टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवलं. तीन-चार दिवस अंग दुखलं, एक दिवस कणकण वाटली. आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाहीत.

बाकीच्या लसी पटकन उरकल्या. दोघांना फ्लू आणि टायफॉइड, दोन्ही निर्जीव, काकूंना चालणाऱ्या. एका लसीवर मात्र मी अडून बसलो: धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची मोठ्यांची लस. डांग्या खोकला मोठ्यांना साधा खोकलाच वाटतो, पण दीड-दोन महिन्यांच्या बाळाचा जीव घेऊ शकतो. बाळाची स्वतःची लस सुरू व्हायला सहा आठवडे लागतात. तोवर त्याला मांडीवर घेणाऱ्यांनी टोचलेलं असणं हेच त्याचं संरक्षण. ही लस बाळाला भेटायच्या निदान दोन आठवडे आधी हवी. दोघांनी ती फेब्रुवारीतच घेतली.

मलेरियावर काकांशी वाद झाला. "मच्छर तर आपल्या इथं काय कमी आहेत? गडचिरोलीत नोकरी केली मी." खरं आहे, गडचिरोलीचा मलेरिया विदर्भाला नवीन नाही. पण तिकडे राहून आलेली थोडीफार प्रतिकारशक्ती काही वर्षांत ओसरते, आणि केनियातला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे अंगावर काढण्याजोगा नाही. नैरोबी शहर उंचावर असल्यानं तिथे धोका कमी, म्हणून काकूंना गोळ्या नाहीत, फक्त बचाव: पूर्ण बाह्या, डास दूर ठेवणारं डीईटीचं मलम, रात्री मच्छरदाणी. आणि दिवसाही मलम, कारण यलो फीवरचा डास दिवसा चावतो. मार्च ते मे हा तिकडचा मोठा पावसाळा, त्यामुळे यात सूट नव्हती. काकांना माराच्या तीन रात्रींसाठी गोळ्या हव्या होत्या. मेफ्लोक्विननं झोप आणि मन बिघडू शकतं, आणि काकांची झोप आधीच कच्ची. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल चांगलं, पण महाग. डॉक्सिसायक्लिन ठरलं: माराला निघायच्या दोन दिवस आधी सुरू, रोज एक, तिथून परतल्यावर चार आठवडे. भरपूर पाण्यासोबत, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, आणि रात्रीच्या दुधासोबत तर अजिबात नाही, दुधातल्या कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही.

औषधांच्या पिशवीवर जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. मेथोट्रेक्सेट आठवड्याची गोळी आहे. घराची घडी बदलली, झोपेची वेळ बदलली, की माणूस ती रोज घेऊ लागतो, आणि त्यानं अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्तपेशी तयार करणारा भाग, काम करेनाशी होते. म्हणून ती काकूंच्या रोजच्या डबीत ठेवलीच नाही. वेगळ्या कापडी बटव्यात, प्रत्येक पुडीवर तारीख आणि "रविवार". सुनेनं त्या बटव्याला हात लावायचा नाही, कारण हे औषध गर्भाला घातक आहे. जुलाबाच्या औषधांतून को-ट्रायमोक्साझोल काढून टाकलं. आपल्याकडे घरोघरी सापडणारी ही गोळी मेथोट्रेक्सेटसोबत जीवघेणी ठरू शकते. पोट बिघडलं तर ओआरएस, आणि ताप किंवा रक्त असेल तर डॉक्टर. काकूंच्या पासपोर्टच्या आवरणात इंग्रजीतली एक चिठ्ठी: मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा, को-ट्रायमोक्साझोल देऊ नये. चिठ्ठ्यांवर सगळीकडे औषधांची मूळ नावं, आपल्याकडच्या कंपन्यांची नाही.

काकांचं इन्सुलिन हातातल्या बॅगेत, सामानाच्या पोटात ते गोठू शकतं. केनियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. रात्री दहाचं इन्सुलिन तिथल्या साडेसातला, इतकं सोपं. अमेरिकेला जाणाऱ्यांसारखं गणित मांडावं लागलं नाही. उंचीची कल्पना दिली: नैरोबी जवळपास 1,800 मीटरवर, चिखलदऱ्याच्याही बरीच वर. पहिले काही दिवस जिना चढताना धाप लागेल, सोबत छातीत दुखत नसेल तर घाबरायचं नाही.

आणि पन्नी. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, सगळं पन्नीत बांधून तयार होतं. केनियात 2017पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, दंडही जबर. काकूंनी रातोरात कापडी पिशव्या शिवल्या.

काय झालं

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मुलगी झाली. काकूंची बोटं पूर्ण काळ शांत राहिली. पहिला आठवडा काकांना धाप लागली, मग अंगवळणी पडली. सिंह दिसला, लांबून, झोपलेला.

अडचण आली ती अनपेक्षित ठिकाणी. माराहून परतल्यावर दहा-बारा दिवसांनी काकांनी डॉक्सिसायक्लिन बंद केलं. ताप नाही, मच्छर चावल्याचं आठवत नाही, मग कशाला? फोनवर बोलता बोलता काकूंच्या तोंडून हे निघालं. शरीरात शिरलेला परजीवी आधी यकृतात दडतो आणि नंतर रक्तात उतरतो, गोळी तिथे त्याची वाट पाहत असायला हवी, हे मी पुन्हा समजावलं. मधले चार दिवस सुटले होते. तिथल्या डॉक्टरला दाखवून गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि पुरे चार आठवडे संपवल्या.

मे अखेरीस मुंबईत उतरल्यावर काकांचं पुस्तक पाहून त्यांना लगेच सोडलं. काकूंचं सूटपत्र अधिकाऱ्यांनी नीट वाचलं, तब्येत विचारली, आणि विलगीकरणच सांगितलं. काकू शांत होत्या, वेगळी पिशवी तयारच होती: सहा दिवसांचे कपडे, औषधं, शिवणाचं सामान, आणि त्या आठवड्याची रविवारची पुडी. जाळीच्या खिडक्यांच्या खोलीत राहणं, रोज ताप मोजणं, बस. केनिया सोडल्याच्या क्षणापासून दिवस मोजले जातात, म्हणून बोर्डिंग पास जपून ठेवायला सांगितले होते. ते दाखवल्यावर वेळेचा वाद झाला नाही. काका तोवर डोंबिवलीला साडूकडे राहिले आणि तिथे आमरस खाऊन साखर वाढवून आले.

नागपूरला आल्यावर जूनमध्ये काकांना ताप आला. गल्लीतल्या एकानं ऊन लागलं म्हणून सांगितलं, नागपूरच्या जूनमध्ये ते खपूनही जातं. पण केनियाहून येऊन महिना झालेल्या माणसाचा ताप मलेरिया नाही हे सिद्ध होईपर्यंत मलेरियाच समजायचा. त्याच दिवशी रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्यांदाही. तिन्ही वेळा काही नाही. साधा विषाणूजन्य ताप होता, चार दिवसांत गेला.

वेगळं काय करता आलं असतं

तिकिटांआधी आले असते तर काकूंसाठी आणखी एक दरवाजा उघडा होता. नोव्हेंबरात विचारलं असतं तर तज्ज्ञांशी बोलून औषध थांबवायचं की नाही हे घाई न करता ठरवता आलं असतं. उत्तर कदाचित तेच आलं असतं, पण ते तारखांनी ठरवलेलं नसतं.

काकांच्या लसीवर माझं आणि मित्राचं अजून जमलेलं नाही. तो म्हणतो, तीन रात्रींच्या सफारीसाठी हा धोका जास्त होता, मारा सोडायला लावायचं होतं. मला वाटतं निवड काकांची होती आणि धोका त्यांना आकड्यांसकट सांगितला होता. पण वय 67 ऐवजी 75 असतं, तर मीही मित्राच्या बाजूला गेलो असतो.

डॉक्सिसायक्लिनबाबत मात्र शंका नाही. चार आठवड्यांची गोळी "चार आठवडे" सांगून चालत नाही. गोळ्यांच्या पाकिटावर संपायची तारीख लिहायला हवी होती, काकूंच्या पुड्यांवर होती तशीच.

विलगीकरणाचे सहा दिवस धरून विमा काढला होता, पण मुंबई-नागपूरचं तिकीट बदलता न येणारं निघालं आणि ते वाया गेलं. परतीचा तो टप्पा सुटा आणि बदलता येण्याजोगा घ्यायला हवा होता.

आता पुढचा प्रश्न दारात आहे. मुलाला बाळाला घेऊन दिवाळीला नागपूरला यायचं होतं. दिवाळीपर्यंत बाळाला सहा महिने पूर्ण झालेले असतील. सहा महिन्यांखालच्या बाळाला भारतात शिरताना यलो फीवरचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यावरच्याला लागतं, आणि लस मात्र साधारण नऊ महिन्यांपासून देतात. मधल्या तीन महिन्यांत बाळ आणलं तर आईसकट विलगीकरणात जायची पाळी यायची. दोनच सोपे रस्ते आहेत: ऑक्टोबर अर्धा व्हायच्या आत यायचं, किंवा जानेवारीत नऊ महिने झाल्यावर तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानं टोचून, दहा दिवस जाऊ देऊन निघायचं. मुलाला सप्टेंबरात रजा मिळत नाही. सध्या फेब्रुवारीचा विचार चालू आहे, आणि काकू बारशाचा बेत जावळाशी जोडून बसल्या आहेत.